रक्ताचं पाणी

पास्का, माझी भाची, फोन्नीच्या दवाखान्यात नर्स आहे.
तिनं डाव्या दंडावर एक बटण चिकटवलं
आणि म्हणाली, मामा, आता बोटं मोकळी.

चाळीस वर्षं, दिवसातून सहा वेळा,
टोचून टोचून पेरांची चाळण झाली.
बोटांवर मोजण्याइतक्याच गोष्टी मला खऱ्या वाटल्या
आणि ही त्यातली एक:
दाबलं, थेंब आला, आकडा आला,
आकडा बघून इन्सुलिन,
मग पाव.

पण कढईतलं मेंढीचं दूध
कोमट झालं का, हे त्याच बोटांना आता कळत नाही.
फक्त करंगळीला कळतं.
ती मी कधीच टोचली नाही,
चीजसाठी राखून ठेवली आहे.

बटण रक्ताला विचारत नाही म्हणे.
पेशींच्या मधे जे पाणी असतं, त्याला विचारतं,
आणि रक्तातली बातमी तिथवर पोचायला
दहा-पंधरा मिनिटं जातात.
मी हसलो.
जन्मभर या डोंगरात रक्ताचं पाणी केलं,
आता साक्षीला त्या पाण्यालाच उभं करायचं.

फेब्रुवारीत एका रात्री फोन किंचाळला. बावन्न.
अंधारातच द्राक्षाचा रस घटाघटा प्यालो,
वर चार चमचे मध.
घाम नव्हता. हात थरथरत नव्हते.
विचारायला बोट होतं, विचारलं नाही.
पहाटे दोनशे ऐंशी.
डाव्या कुशीवर झोपलो होतो;
माझ्याच भारानं दंड दबला
आणि बटणाला वाटलं, हा बुडतोय.

त्यानंतर महिनाभर फोन पिठाच्या डब्यामागे.
बटण दंडावर तसंच. पास्का येऊन बदलायची,
मी बदलू द्यायचो,
ऐकत मात्र नव्हतो.

मार्चमध्ये दुपारी बोट टोचलं: एकशे अठरा.
छान आकडा. पाव, चीज, त्यापुरतं इन्सुलिन,
आणि कळपातून फुटलेल्या एका मेंढीमागे चढण चढलो.
पुढचं झुआन्ने सांगतो.
दगडी कुंपणापाशी मी बसलो होतो,
कुत्र्याला मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारत.
त्यानं माझ्याच खिशातली साखर माझ्या तोंडात कोंबली
आणि शिव्या दिल्या, बराच वेळ.

संध्याकाळी पास्कानं डब्यामागचा फोन काढला.
बघ, म्हणाली.
पाव मोडायच्या आधीपासून
बाण सरळ खाली.

थेंब खोटं बोलला नव्हता.
मेंढी कुठे उभी आहे, ते त्यानं नेमकं सांगितलं.
तिचं तोंड कुणीकडे आहे,
हे त्याला कुठून ठाऊक असणार!
आणि माझ्यासारख्या मेंढपाळानं
ते विचारू नये?

झुआन्ने म्हणतो, एक धर तरी नाहीतर सोड तरी.
त्याला काय.
मुरवण जास्त पडलं तर एक चीज वाया जातं,
इन्सुलिन जास्त पडलं तर कुत्रा तेवढा घरी परततो.

म्हणून सध्या असं चाललंय:
फोन जेवणाच्या टेबलावर, पावाशेजारी.
बाण आडवा असला, अंग बरं वाटत असलं,
तर त्याच्या शब्दावर सुई घेतो.
फोन एक म्हणाला आणि गुडघे दुसरं,
तर बोट पुढे करतो.
रात्रीच्या किंचाळीला आधी कूस बदलतो,
मग थेंब काढतो. रस त्यानंतर.
ही काही मोठी अक्कल नव्हे,
दोघांनीही एकेकदा फसवल्यावर आलेली.

आज एकशे चाळीस, बाण आडवा.
टोचलं नाही. तरी हात खिशात गेलाच,
चाकूशेजारी सुईची डबी आहे का बघायला.
होती.

मग कढईत मधलं बोट बुडवून पाहिलं.
काहीच कळलं नाही.
पास्का म्हणते, कातडी परत येते.
केव्हा, ते विचारलं
तर म्हणाली, मामा, दूध ऊतू जाईल.